टोमॅटोचा तरवा टाकण्याआधी तंबाखूची मुळं खणून बघा

वाचकाचा प्रश्न : पत्र लिहिणारे वाचक आणि त्यांचे थोरले भाऊ मिळून १२ एकर शेती करतात. त्यातले ६ एकर गेली बरीच वर्षं भट्टीत वाळवायच्या व्हर्जिनिया तंबाखूखाली आहेत. बाकीच्या जमिनीत घरापुरतं धान्य आणि चारा निघतो. दोन भट्ट्या आहेत, तरंगत्या ट्रेची रोपवाटिका आहे, आणि बारमाही पाणी जेमतेम ३ एकरांना पुरतं. करार करणाऱ्या कंपनीने यंदा घ्यायचं वजन पाव हिश्शाने कमी केलं आहे. भाऊ म्हणतात, सुटलेल्या दीड एकरात टोमॅटो आणि मिरची लावू. रोपं करायची सवय आपल्याला आहेच. शेजारी कोंबडीपालन सुचवतात, तर कुणी औषधी वनस्पती. वाचकांचा प्रश्न असा : “तंबाखूइतके एकरी पैसे देणारं दुसरं कोणतं पीक आहे? आणि ते एकाच वेळी सगळ्या ६ एकरांत लावावं का?”

उत्तर :

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देतो. तंबाखूइतके एकरी पैसे, तितक्याच खात्रीच्या खरेदीसह आणि साठवून ठेवता येईल अशा मालातून देणारं पीक सहसा सापडत नाही. पण “एकरी किती” हे माप तुमच्या घराला लागू पडतं का, हे आधी तपासू या.

तुमच्याकडे १२ एकर असून तंबाखू ६ एकरांतच का आहे? जमीन कमी पडली म्हणून नाही. हात आणि भट्ट्या तेवढ्याच आहेत म्हणून. शेंडा खुडणं, बगलफुटी काढणं, चार-पाच वेळा पानतोडणी, भट्टी भरणं, रात्रीचं तापमान सांभाळणं, प्रतवारी, गठ्ठे. हवेत वाळवायच्या बर्ली तंबाखूला एकरी दीडशे ते दोनशे तास माणूसबळ लागतं, असा अमेरिकेतला जुना हिशेब आहे. तिथे यंत्राने केलेल्या मक्याला एकरी मोजकेच तास लागतात. म्हणजे तुमच्याकडे तुटवडा जमिनीचा नसून तासांचा आहे. मग पिकाची परीक्षाही एका तासाला काय सुटतं आणि ते तास वर्षातल्या कोणत्या आठवड्यांत पडतात, यावर व्हायला हवी. एकरी तंबाखूच्या निम्मेच पैसे देणारं, पण पाव मजुरीत होणारं पीक तुमच्या घराला जास्त परवडू शकतं.

आता वही काढा. पुढचे आकडे निव्वळ रीत कळावी म्हणून मानलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. तंबाखूचं एकरी ढोबळ उत्पन्न १०० धरा. खतं, औषधं, रोपं यांवर २५, जळणावर १५, बाहेरच्या मजुरीवर ३०. हातात ३० राहिले असं वाटतं. पण घरातल्या माणसांचे तास बाहेरच्या दराने मांडले तर समजा २० होतात. उरले १०. दुसऱ्या बाजूला समजा रताळं : ढोबळ ६०, रोख खर्च ३५, घरची मजुरी ८. उरले १७.

इथेच थांबून खूश होऊ नका. दोन्हीकडे वाईट वर्ष घालून बघा. तंबाखूची प्रत घसरून उत्पन्न ८५ वर आलं तर तुम्ही ५ ने तोट्यात. रताळ्याचा दर एक तृतीयांश पडला तर ६० चे ४०, आणि ३ चा तोटा. वेगळ्या शब्दांत, या मानलेल्या आकड्यांत तंबाखूचं उत्पन्न १० टक्क्यांहून जास्त घसरलं की तोटा सुरू होतो, रताळ्याचं २८ टक्क्यांहून जास्त. पण तंबाखूचा दर इतका क्वचित कोसळतो आणि भाजीपाल्याचा वारंवार. म्हणून प्रत्येक पर्यायाला तीन रकाने करा : नेहमीचं वर्ष, दर एक तृतीयांश कमी, उत्पादन एक तृतीयांश कमी. शेवटचे दोन रकाने भरल्याशिवाय कुठल्याही पिकाचं नाव पक्कं करू नका.

या हिशेबात एक चूक हमखास होते. तंबाखू कमी केला की त्याचा सगळा खर्च वाचतो असं धरलं जातं. भट्टीचा हप्ता आणि दुरुस्ती वाचत नाही. अर्धी भरलेली भट्टी निम्म्या जळणात होत नाही, शिवाय विरळ भरलेल्या भट्टीत गरम हवा मोकळ्या जागेतून निघून जाते आणि पानं कमी-जास्त वाळतात. तेव्हा साडेचार एकरांवर येताना लागणीच्या तारखा अशा मागेपुढे करा की प्रत्येक तोडणीला एक भट्टी पूर्ण भरेल. दोन भट्ट्या पाऊण-पाऊण भरण्यापेक्षा एक भट्टी सलग चालवणं आणि दुसरी मोकळी ठेवणं बरं. त्या मोकळ्या भट्टीकडे पुढे येतोच.

आता भाऊंचा टोमॅटो. रोपं करण्याचं कसब कामी येईल, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. अडचण अशी की टोमॅटो, मिरची, वांगं आणि बटाटा ही तंबाखूच्याच कुळातली पिकं आहेत, आणि तंबाखूच्या जमिनीत साठलेली बरीचशी दुखणी त्यांच्या ओळखीची असतात. जिवाणूजन्य मर दोघांना होते. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमी दोघांना लागतात. तंबाखूचा मोझॅक विषाणू तर सुकलेल्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो, आणि तंबाखू हाताळलेल्या किंवा मळलेल्या हातांनी टोमॅटोची बगलफूट काढली की तो थेट रोपात जातो. शेतात बंबाखू (तंबाखूच्या मुळांवर जगणारं परजीवी तण) उगवत असेल तर आणखी सावध व्हा. त्याचं धुळीसारखं बारीक बी जमिनीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं, आणि टोमॅटो-वांग्याच्या मुळांवरही ते वाढतं.

किती धोका आहे हे फुकटात कळू शकतं. शेवटची तोडणी झाली की धाटं नांगरण्याआधी प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत २०-२५ झाडं खोऱ्याने खणून काढा. ओढू नका, ओढली की बारीक मुळं मातीतच राहतात. मुळं पाण्यात खळबळून धुवा. मण्यांसारख्या किंवा गुठळ्यांसारख्या फुगवट्या दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. बुडखा उभा चिरून आतला भाग बघा. तपकिरी रेषा दिसल्या तर चिरलेला तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टांगा. काही मिनिटांत दुधासारखी धार सुटली तर जिवाणूजन्य मर. कोणत्या तुकड्यात काय निघालं ते नकाशावर लिहून ठेवा. हा नकाशा पुढची पाच वर्षं उपयोगी पडेल. आणि मग धाटं मुळासकट उपटून उन्हात पडू द्या. हिरवी राहिलेली मुळं सूत्रकृमींना पोसतच राहतात.

टोमॅटो लावायचाच असेल तर जिथे तंबाखू कधी झाला नाही असा, धान्य-चाऱ्याचा तुकडा निवडा. रोपवाटिका वेगळी, ट्रे नवे. कामाचा क्रम असा ठेवा की सकाळी आधी टोमॅटो, मग तंबाखू, उलट कधीच नाही. टोमॅटोत शिरण्याआधी साबणाने हात धुवायचे, आणि तिथे विडी-तंबाखू बंद. हा शेवटचा नियम मजुरांना पटवणं सगळ्यात अवघड जातं, पण तो मोडला की बाकीचं निष्फळ.

जमिनीचंही बघा. व्हर्जिनिया तंबाखूला हलकी, निचऱ्याची, नत्र कमी असलेली जमीन चालते, आणि वर्षानुवर्षांच्या खतांनी ती बहुधा आंबट झालेली असते. तंबाखू साडेपाच-सहा सामूला (पीएचला) खूश असतो. बहुतेक द्विदल पिकांना आणि कोबीवर्गाला सहा ते साडेसहा हवा. चुना टाकला तर त्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, त्यामुळे माती तपासणी लागणीच्या आठवड्यात करून काही उपयोग नाही. तुकड्यातल्या १५-२० ठिकाणांहून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून नमुना काढा.

तंबाखूत वापरलेल्या तणनाशकाचा अंश पुढच्या पिकाला बाधू शकतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. क्लोमाझोनचा अंश असला तर कोवळी पानं पांढरी पडतात, तृणधान्यांत हे ठळक दिसतं. सल्फेंट्राझोन वापरलं असेल तर काही पिकांसाठी वर्षाहून जास्त थांबावं लागतं. डब्याच्या लेबलावर पुढच्या पिकासाठी किती महिने थांबायचं ते छापलेलं असतं, ते वाचा. तरीही शंका असेल तर चार कुंड्या तंबाखूच्या रानातल्या मातीने आणि चार कधीच फवारणी न झालेल्या मातीने भरा, जे पीक घ्यायचं त्याचं बी टाका आणि तीन आठवडे दोन्हींतला फरक बघा. पालेभाज्या घेणार असाल तर माती तपासताना कॅडमियमही बघून घ्या. स्फुरदयुक्त खतांतून तो जमिनीत येतो, आणि तंबाखूसारख्याच पालेभाज्याही तो पानांत ओढून घेतात.

मग तुमच्या जमिनीला, तासांना आणि भट्ट्यांना जुळणारं काय?

रताळ्याचं नाव मी उदाहरणापुरतं घेतलं नव्हतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना हे व्हर्जिनिया तंबाखूचं मोठं राज्य रताळ्याच्या उत्पादनातही देशात पहिलं आहे. हलकी जमीन दोघांना मानवते. ९५ सेंटिमीटरच्या सरीवर ३० सेंटिमीटरला वेल लावला तर एकरी सुमारे १४,००० तुकडे लागतात. बेणं रोगमुक्त जागेतूनच आणा, वेलाबरोबर विषाणू फुकट येतो. नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजतो आणि खाली दोरीसारखी मुळं निघतात, तेव्हा तंबाखूचा हात इथेही आखडताच राहू द्या. पालाशला मात्र कंजूषी नको. एक मोठी अट आहे : मुळांच्या तपासणीत गाठी निघाल्या त्या तुकड्यात रताळं नको. त्या सूत्रकृमी रताळ्यालाही लागतात, कंद चिरफाळतात आणि व्यापारी ढीग नाकारतो. अशा तुकड्यात आधी ज्वारीसारखं तृणधान्य किंवा भुईमूग घ्या. तंबाखूवर नेहमी सापडणाऱ्या सूत्रकृमी भुईमुगावर सहसा वाढत नाहीत. भुईमुगावर वाढणारी एक वेगळी जात आहे, म्हणून प्रयोगशाळेत जात ओळखून घेतलेली बरी.

मोकळी भट्टी इथे कामाला येते. काढलेलं रताळं २९-३० अंश सेल्सिअस आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रतेत चार ते सात दिवस ठेवलं की खरचटलेल्या जागी नवी साल धरते, वजन कमी घटतं आणि माल टिकतो. पण तुमची भट्टी पानाच्या शिरा वाळवायला ७० अंशांच्या वर जाणारी आहे. तिला ३० वर स्थिर ठेवणं हेच खरं कौशल्य. हवेच्या झडपा जवळजवळ बंद, जमीन ओली, पंखा चालू, पण दिवसातून एकदा ताजी हवा आत, कारण कंद श्वास घेतात. आठवड्याहून जास्त ठेवलं तर कोंब फुटू लागतात. पुढची साठवण १३ ते १५ अंशांना करायची असते. त्याखाली गेलं की कंदाचा गाभा कठीण पडतो आणि तो सडतो. थंड साठवण नसेल तर काही आठवड्यांत माल जाईल एवढंच क्षेत्र लावा.

भट्टीत दुसरं काही वाळवायचं असेल, मिरची, सुगंधी पाला, शेंगा, तर तापमान पिकानुसार बदलतं. सुगंधी पाला ३५ ते ४० अंशांवर, नाहीतर तेल उडून जातं. भुईमुगाच्या शेंगा ३५ च्या पुढे नेल्या तर दाण्याची साल सुटते आणि चव बिघडते. ओल्या ठेवल्या तर बुरशीचं विष तयार होतं. तंबाखूच्या सळ्या आणि खाण्याचे क्रेट कधी एक करू नका. एक भट्टी कायमची खाद्यमालाला देऊन टाका. भिंती, पंखा, जमीन धुवून घ्या, आणि धुराच्या नळीला चीर नाही ना ते दिवा लावून तपासा. तंबाखूला थोडा धूर लागला तर प्रत घसरते, खाण्याच्या मालाला लागला तर गिऱ्हाईक जातं.

भुईमुगाबद्दल अजून थोडं. हलक्या जमिनीत आऱ्या (फुलानंतर जमिनीत उतरून शेंग धरणारे देठ) सहज शिरतात, पण कॅल्शियमची कमतरता असेल तर शेंगा पोचट राहतात. फुलोऱ्याच्या सुमारास एकरी १६० ते २०० किलो जिप्सम झाडाच्या बुंध्याजवळ, आऱ्या उतरतात तिथे टाका. खोडकूज करणारी बुरशी तंबाखू आणि भुईमूग दोघांवर येते, म्हणून तंबाखूचा काडीकचरा वरच ठेवून भुईमूग पेरू नका, खोल नांगरून गाडा.

तुमच्याजवळचं सगळ्यात मोलाचं भांडवल मला मात्र रोपवाटिका वाटते. तंबाखूचं बी एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त भरतं. ते उगवून सारखी रोपं करणाऱ्याला कोबी-फ्लॉवरची रोपं अवघड नाहीत. आणि तुमचे वाफे दोन महिने चालतात, उरलेलं वर्ष रिकामे. मागणीनुसार रोपं करून विकणं हा वेगळा धंदा होऊ शकतो, आणि त्याला जमीन जवळजवळ लागत नाही. तंबाखूच्या ट्रेची छिद्रं भाजीच्या रोपांना लहान पडतात, म्हणून ९८ किंवा १२८ छिद्रांचे नवे ट्रे घ्या. जुने थर्माकोलचे ट्रे ब्लीचमध्ये बुडवून निर्जंतुक होत नाहीत, मुळं भेगांत शिरलेली असतात. ते गरम वाफेनेच निर्जंतुक करावे लागतात. पाण्यावर तरंगणारी भाजीची रोपं उंच आणि लुसलुशीत होतात, त्यामुळे मूळ धरलं की ट्रे उचलून जाळीच्या बाकावर आणा आणि द्यायच्या आधी पाच-सात दिवस पाणी कमी करून रोप कडक करा. वर ४०-५० मेशची कीटकजाळी हवीच. मागणीपेक्षा जास्त टाकावं लागतं ते असं : ५,००० रोपांची मागणी आली आणि १५ टक्के तूट धरली तर १२८ छिद्रांचे ४६ ट्रे. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय बी टाकू नका. तिसाव्या दिवशी न नेलेलं रोप पस्तिसाव्या दिवशी कुणी घेत नाही.

शेजाऱ्यांच्या कोंबड्यांबद्दल थोडक्यात. करारावरचं कोंबडीपालन चांगलं चालू शकतं, पण त्यात कर्ज तुमचं आणि खरेदीदार पुन्हा एकच. ज्या जोखमीपासून तुम्ही दूर जाऊ पाहताय तीच वेगळ्या शेडमध्ये येते. जनावरं पाळायची असतील तर तंबाखूची धाटं त्यांच्या तोंडी लागू देऊ नका. गाभण डुकरिणींनी ती खाल्ल्याने सांधे आखडलेली पिलं जन्मल्याची नोंद आहे.

औषधी वनस्पतींबाबत कॅनडातल्या ऑन्टारियोचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथल्या तंबाखू पट्ट्यातले अनेकजण जिनसेंगकडे वळले. पीक हाती यायला तीन-चार वर्षं, एकदा घेतलेल्या जमिनीत पुन्हा नीट येत नाही, आणि सगळे एकदम वळल्यावर १९९० च्या दशकात दर उतरले. काहींनी टिकून चांगलं कमावलं, पण ते तीन-चार वर्षं थांबू शकणारे होते. याउलट केनियाच्या मिगोरी भागात २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आरोग्य, कृषी आणि अन्न संस्थांनी सरकारबरोबर शेतकऱ्यांना लोहयुक्त घेवड्याकडे वळवलं, तेव्हा बियाण्याबरोबर खरेदीदारही उभा केला होता. घेवडा काही विशेष पीक नाही. खरेदीदार आधी होता, हे विशेष.

म्हणून पीक ठरवण्याआधी किमान तीन खरेदीदारांना भेटा आणि सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारा. कोणत्या आठवड्यांत माल हवा? एका वेळी किमान किती? आकार आणि पॅकिंग काय? नाकारलेला माल कोण उचलणार? पैसे किती दिवसांत? “आणा, बघू” असं उत्तर आलं तर तो खरेदीदार धरू नका. तंबाखूचा गठ्ठा दर पडला तर आठवडाभर घरात राहतो. काकडी राहत नाही, आणि तिची तोडणी दिवसाआड लागते. ते दिवस पानतोडणीच्या आठवड्यांत पडले तर दोन्ही पिकं खराब होतील. भिंतीवर ५२ आठवड्यांचा तक्ता लावा, तंबाखूचे तास त्यात लाल रंगाने भरा, आणि नव्या पिकाची काढणी लाल आठवड्यांच्या बाहेर पडेल अशीच लागण ठरवा. तुमच्या घरचे तीन पर्याय या एकाच कसोटीवर दोनावर येतील, असा माझा अंदाज आहे.

सगळे ६ एकर एकदम? नाही. यंदा कंपनीने सोडलेला दीड एकरच घ्या. त्यातही एक एकर भुईमूग किंवा रताळं, मुळांचा नकाशा सांगेल ते, आणि बाकीच्या अर्ध्या एकरात ज्वारी. सोबत ५०-६० ट्रेपासून रोपवाटिका. यासाठी नवं कर्ज काढू नका. पहिल्या वर्षी पीक बुडालं तरी तंबाखूच्या पैशात भागेल एवढाच खर्च करा. दुसऱ्या वर्षी वाढवायचं की नाही ते तासांची नोंद बघून ठरवा. ती नोंद रोज संध्याकाळीच करा, महिन्याने आठवून लिहिलेले तास नेहमी कमी निघतात.

कंपनीशी बोलणी हंगाम संपल्यावर, हिशेब चुकता झाल्यावर करा. कराराची प्रत काढून तीन गोष्टी बघा : उचल बाकी असताना क्षेत्र कमी करता येतं का, कंपनीकडून आलेलं खत दुसऱ्या पिकाला टाकायला मनाई आहे का, आणि किमान वजनाची हमी लेखी आहे की तोंडी. वजन तोंडी असेल तर पुढच्या वर्षी ते आणखी कमी होऊ शकतं असं धरूनच तक्ता भरा. भाऊंना मात्र हे सगळं हिशेबाची वही समोर ठेवून दाखवा. टोमॅटोला थेट नकार देण्यापेक्षा धान्याच्या तुकड्यात दोन-चार सऱ्या त्यांना लावू द्या, नव्या ट्रेमधल्या रोपांच्या.